नुसतं 'वाग' म्हटलं होतं

ऑटरगिल, यॉर्कशर
नववा महिना, १०, १९३९

प्रिय मैत्रीण नेल चार्ल्टन,

तुझी डोरीन आमच्याकडे सुखरूप आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

बॉम्बच्या भीतीनं गेटशेडहून पाठवलेली मुलं शाळेत रांगेनं उभी केली होती, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या होत्या, आणि बाजारात कोकरं निवडतात तशी माणसं त्यांना निवडत होती. मला ते बघवेना. दाराशी जी पहिली मुलगी उभी होती तिचा हात मी धरला आणि बाहेर पडले. ती तुझी.

आमची माहिती द्यायला हवी. माझा नवरा सायलस मेंढ्या पाळतो. देवानं आम्हाला मूल दिलं नाही, बाकी काही कमी केलं नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकले आहे, घरचा आणि शेताचा हिशेब मीच ठेवते, तेव्हा तिच्या अभ्यासाची काळजी करू नकोस. आम्ही क्वेकर पंथाचे. आमच्यात सगळ्यांना एकेरीच म्हणतात, राजा आला तरी, म्हणून 'तू' म्हटल्याचा राग मानू नये. महिनेही आम्ही आकड्यांनीच लिहितो. वरचा महिना सप्टेंबरच समज. डोरीनसुद्धा मला नुसतं टॅबिथा म्हणते, कारण आमच्यात मुलं तसंच म्हणतात.

मुलगी गुणी आहे. जेवायच्या आधी आम्ही गप्प बसून देवाला आठवतो, तर तीही हात जोडून गप्प बसते. खाणं चिमणीचं. आणखी वाढू का विचारलं की 'नको, आभारी आहे' म्हणते. इतक्या लहान वयात इतका संयम मी पाहिला नव्हता. तिला काय आवडतं ते कळव.

तुझी मैत्रीण,
टॅबिथा हार्कर


गेटशेड
१८ सप्टेंबर

आदरणीय हार्करबाई,

तुमचं पत्र आलं आणि मी दारातच बसून वाचलं. सासऱ्यांनी आतून ओरडून विचारलं, "कोण मेलं?" ते अंथरुणाला खिळलेत, त्यांना प्रत्येक पत्र मेल्याचंच वाटतं.

पहिली हाताला लागली ती उचललीत, म्हणजे नशीबच तुमचं! आमच्या गल्लीतली सगळ्यात व्रात्य कार्टी आहे ती. जायच्या आदल्याच आठवड्यात कोळसेवाल्याच्या घोड्याला माझी रविवारची टोपी घातली होती. आणि तुम्हाला नावानं हाक मारते? समोर असती तर कानाखाली वाजवली असती. पण तुमच्यात तसं असेल तर असो.

स्टेशनवर बाकीच्या बाया पोरांना केवढं सांगत होत्या. नाक पूस, प्रार्थना म्हण, दूध पी. मला आवाजच फुटेना. गाडी सुटताना मी नुसतं "वाग गं" म्हटलं. आमच्याकडं त्यात 'नीट' म्हणायची गरज नसते. नुसतं वाग म्हटलं की नीटच आलं. मग तिचं तोंड खिडकीतून दिसेना.

तिला सगळं आवडतं. वाटाण्याची डाळ, बटाटे, गोड काहीही. मागून मागून खाते. तुमच्याकडं चिमणीसारखं खाते हे वाचून मला हसू आलं. जागा नवी आहे ना, होईल सवय.

तुमची,
नेल चार्ल्टन


ऑटरगिल
दहावा महिना, २२

प्रिय मैत्रीण नेल,

तू लिहिलेली डोरीन आणि आमच्या घरातली डोरीन एकच का, असं मी सायलसला विचारलं. तो म्हणाला, "हिला चावी देऊन ठेवल्यासारखं वाटतं मला. संपली की कोण देणार?" त्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

ती न सांगता उठते, अंथरुणाची घडी घालते, कोंबड्यांना दाणे टाकते आणि मग खुर्चीत बसून राहते. मी म्हटलं, बाहेर खेळ. ती बाहेर गेली आणि भिंतीवर बसून राहिली.

तुझा तो शब्द माझ्या डोक्यात राहिला आहे. आपण तो किती ठिकाणी वापरतो, हे मी आता ऐकू लागले आहे. कुत्रा कोंबड्यांमागे धावला की सायलस त्याला म्हणतो, वाग. चीज बसलं नाही तर मी म्हणते, आज दूध वागत नाहीये. काल चूल नुसती धुमसत होती, तिलाही मी म्हटलं, "वाग बाई, वाग." तर मागे डोरीन होती. ती एकदम ताठ झाली आणि तिनं पाय जुळवले. मी म्हटलं, "अगं, तुला नाही, चुलीला." ती म्हणाली, "हो टॅबिथा," पण पाय जुळलेलेच.

बाकी ठीक. जेवण तेवढंच. मी रोज विचारते, ती रोज नको म्हणते. आमच्या घरात कुणाच्या पानात बळजबरीनं वाढत नाहीत, माणसाच्या शब्दाचा मान ठेवतात.

तुझी मैत्रीण,
टॅबिथा


गेटशेड
१२ नोव्हेंबर

हार्करबाई,

आमच्या शेजारची हेटी तिच्या मुलांना बघायला तुमच्या खोऱ्यात आली होती. वाटेत शाळेपाशी तिला डोरीन दिसली. इथं येऊन ती पहिलं वाक्य काय बोलली सांगू? "नेल, तुझी पोरगी काडी झालीय. कोटाच्या बाहीत हात आहे की नाही ते चाचपून बघावं लागलं."

तुमची पत्रं मी परत वाचली. संयम, संयम, संयम. देवाचं नाव घेणाऱ्या घरात एका पोरीला पोटभर घालायला जड जातं का? काटकसर आम्हीही करतो, आम्हाला ती पुस्तकातून शिकावी लागली नाही. पण आमच्यात ती आई स्वतःच्या पानात करते, पोराच्या नाही.

मी येऊन तिला घेऊन जाणार आहे. इथल्या निम्म्या मुलांना आयांनी परत आणलंच आहे. बॉम्ब पडतील तेव्हा पडतील, उपाशी तर नसेल.

नेल चार्ल्टन


ऑटरगिल
अकरावा महिना, १५

नेल,

तुझं पत्र मी सायलसला वाचून दाखवलं नाही. पहिल्यांदाच घरातली एक गोष्ट मी त्याच्यापासून बाजूला ठेवली.

मी तिला उपाशी ठेवलं नाही. पण ती वाळली आहे हे खरं आहे, आणि रोज समोर बसून मला ते दिसलं नाही, हेही खरं. काल तिला आंघोळ घालताना पाठीवर हात फिरवला, तर मणके मोजता यावेत असे लागले.

काय घडतं तेवढं लिहिते. जेवायच्या वेळी मी तिला पहिल्यांदा थोडंच वाढते, कारण टाकणं हे पाप आहे. ते ती खाते. मग मी भांडं पुढे करून विचारते, "आणखी हवं?" ती म्हणते, "नको, आभारी आहे." मी भांडं झाकून ठेवते. दुपारी केक असतो, तेव्हाही असंच. कधी कधी ती झाकलेल्या भांड्याकडे बघत असते. मला वाटायचं, भांड्यावरची फुलं तिला आवडतात.

माझं काय चुकतं ते मला सांग. तू तिची आई आहेस. न्यायचं असेल तर ने, मी अडवणार नाही. पण आधी सांग.

टॅबिथा


गेटशेड
१८ नोव्हेंबर

हार्करबाई,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग एवढी रडले की सासरे म्हणाले, "आता तर नक्की कोणीतरी मेलंय."

अहो, ती नको म्हणाली आणि तुम्ही खरं मानलंत?

आमच्याकडं पहिलं नको हे नको नसतंच. कुणी काही पुढं केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. हावरट दिसू नये म्हणून. दुसऱ्यांदा म्हटलं की, "अहो, कशाला उगाच." तिसऱ्यांदा म्हटलं की घ्यायचं. आणि वाढणारीनं तीनदा म्हणायचंच, नाही म्हटलं तर गल्लीत बोभाटा होतो की अमकीनं एकदा विचारून भांडं उचललं. डोरीन चालायला लागली तेव्हापासून मी तिला हेच शिकवलंय. दुसऱ्याच्या घरी वाग म्हणजे काय, तर हेच. माझ्या बहिणीकडं एकदा पहिल्याच वेळी तिनं हात पुढं केला, तर घरी येऊन मी तिला रागावले होते.

म्हणजे दोन-अडीच महिने ती पोरगी तुमच्या टेबलाशी बसून दुसऱ्या खेपेची वाट बघतेय. रोज. मी वाग म्हटलं म्हणून.

मी जे काही लिहिलं त्याबद्दल माफ करा. आता तेवढं तीनदा विचारा हो तिला.

नेल


ऑटरगिल
बारावा महिना, ३

प्रिय नेल,

माफीचं काही नाही. दोघींनीही चांगलंच करायचं म्हणून केलं.

पण तू सांगितलंस ते मला जमेना. भांडं घेऊन मी उभी राहिले, ती नको म्हणाली, आणि दुसऱ्यांदा विचारायला तोंडच उघडेना. आमच्यात शपथसुद्धा घेत नाहीत, कारण शपथेशिवाय बोललेलं खोटं असतं का? नको ऐकून पुन्हा विचारायचं म्हणजे तिला तोंडावर खोटारडी म्हणायचं. पहिल्या दिवशी, म्हणजे तुमच्या रविवारी, मी मौनसभेत बसून देवालाच विचारलं. मग सायलसला विचारलं. तो म्हणाला, "मेंढीला मी कधी विचारतो का? पुढ्यात गवत टाकतो."

शेवटी मी डोरीनला जवळ बसवलं आणि म्हटलं, "या घरात एकदाच विचारतात. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणायचं. इथे तेच नीट वागणं."

तिनं विचार केला. म्हणाली, "पण टॅबिथा, एकदाच विचारलं तर कळणार कसं, की खरंच द्यायचंय?"

नेल, मला वाटायचं आम्ही खरं बोलणारी माणसं, आणि बाकीचे नुसती भाषा गोड करतात. पुन्हा विचारण्यात एवढं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "द्यायचं नसेल तर मी विचारतच नाही." तिनं माझ्या तोंडाकडे बघून ते तपासलं. मग ॲपल-पाय आणि चीज अशी जेवली, की सायलसला पाव आणि चहावर उठावं लागलं. तो म्हणाला, "किल्ली सापडली वाटतं." काल तिनं त्याच्या बुटात शेण भरलं. तुला कळवावं असं वाटलं.

तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणले आहेत. तुझ्यासाठीही एक जोड पाठवू का?

टॅबिथा


गेटशेड
२० एप्रिल १९४०

हार्करबाई,

मोजे? वागा हो, असं लिहिलं होतं मी तेव्हाच! (हे मोठ्या माणसाला म्हटलं की अर्थ वेगळा. काहीतरीच काय बोलता, असं.) तुम्ही ऐकलं नाहीत आणि पाठवलेतच, ते पायात घालूनच लिहितेय.

डोरीनची पत्रं वाचून जीव सुखावतो. पण हिवाळाभर इथं काहीच झालं नाही. भोंगे वाजतात, आपण खाली तळघरात जातो, वर येतो. गल्लीत आता सगळ्यांची मुलं परत आलीत. खेळताना त्यांचा आवाज आला की मी खिडकी लावून घेते. माझा नवरा विल्फ जहाजावर, सासरे त्या खोलीत, आणि मी टेबलावर एकच ताटली मांडते. मे महिन्यात व्हिटसनच्या सणाच्या सुट्टीत येऊन मी तिला घेऊन जाणार आहे. तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे.

नेल


ऑटरगिल
चौथा महिना, २५

प्रिय नेल,

वाईट वाटेल. पण ती तुझी आहे, आणि हे घर तिला दिलेलं होतं, ती या घराला दिलेली नव्हती.

एकच मागते. नेण्याआधी तिला विचार. आमच्यात लहानांनाही विचारतात. ती हो म्हणाली की मी स्वतः तिची पेटी भरून देईन.

तू दोन रात्री तरी राहा. वरच्या खोलीत ऊन येतं.

टॅबिथा


गेटशेड
१४ मे

टॅबिथा,

तुझ्या घरी राहून आल्यापासून तोंडात 'तू' बसलंय, ते आता निघत नाही.

आधी हसण्यासारखं सांगते. मीच तुला पत्रात सगळं समजावलं होतं ना? आणि तू मटणाचं भांडं पुढं केलंस, तेव्हा माझं तोंड आपोआप म्हणालं, "नको, आभारी आहे." आणि तू, राक्षसिणी, झाकण ठेवलंस! सकाळपासून पोटात काही नव्हतं. तेवढ्यात ती कार्टी सगळ्यांदेखत आपल्या आईला म्हणाली, "मॅम, इथं परत विचारत नाहीत. घे मुकाट्यानं." सायलस खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. मला शरमही वाटली आणि बरंही वाटलं. गाल भरलेत तिचे. माझ्या खांद्याला लागते आता.

आता जे सांगायचंय ते.

निघायच्या दिवशी मी तिला विचारलं. तुला शब्द दिला होता म्हणून. ती कुंपणाशी त्या बिनआईच्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मी म्हटलं, "घरी येतेस का गं, सोन्या?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "नको मॅम, आभारी आहे."

आपल्या आईला आभारी आहे म्हणाली.

टॅबिथा, ते कुठल्या घरचं नको होतं? तुझ्या की माझ्या? मी तिथंच उभी होते. दुसऱ्यांदा विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण येताना गाडीत सगळी माणसं जर्मन हॉलंडमध्ये घुसले त्याचंच बोलत होती. आमच्या घराच्या मागं गॅसचं कोठार आहे, पुढं जहाजं बांधतात. दुसऱ्यांदा विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती, तर मला न्यावंच लागलं असतं. म्हणून मी विचारलं नाही. तिचा पापा घेतला आणि बस पकडली. बसमधून मागं वळूनही बघितलं नाही, बघितलं असतं तर उतरले असते.

तुला खोटं बोलता येत नाही, ठाऊक आहे. एकदाच बोल. तिला तिथंच राहायचं होतं असं लिही. मी विश्वास ठेवीन.

नेल


ऑटरगिल
पाचवा महिना, १८

प्रिय नेल,

तू मागितलेलं मला देता येत नाही. मी प्रयत्न केला. कागद पुढे घेतला, ते वाक्य मनात जुळवलं, पण हात चालेना. मला क्षमा कर.

तुझी बस वळणाआड गेली तरी डोरीन कुंपणाशीच होती. बाटली केव्हाच रिकामी झाली होती, कोकरू नुसतंच रबर ओढत होतं. मी जवळ गेले. ती म्हणाली, "मॅमनं परत विचारलं नाही."

मी म्हटलं, "तू नको म्हणालीस ना?"

ती म्हणाली, "ते पहिलंच होतं."

मी तिच्याजवळ उभी राहिले. मग तिनंच विचारलं, "परत विचारलं असतं तर तिला मला न्यावं लागलं असतं. म्हणून ना?" मी हो म्हटलं. ते खरं होतं, म्हणून म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून नाही.

मग तिनं बाटली भिंतीवर फेकली. जमिनीवर पडून लाथा झाडल्या. मला सुकट म्हातारी म्हणाली, माझ्या ओटच्या पेजेला चुन्याची चव आहे म्हणाली, आणि सायलस उचलायला आला तर त्याच्या हाताला कडकडून चावली. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी उच्चारला नाही. ओल्या गवतात तिच्याशेजारी बसले. अंगावर माझा सभेला जायचा झगा होता.

तेव्हापासून ती रोज रडते, आणि मला तिला शांत करता येत नाही. जवळ घेतलं तर ढकलते. बोलले तर कान झाकते. ती या घरात आजवर रडलीच नव्हती, तेव्हा मला शिकायला मिळालं नाही. काय करायचं असतं ते लिही.

टॅबिथा


गेटशेड
२४ मे

टॅबिथा,

खरं लिहिलंस. काही दिवस मी ते पत्र डब्याखाली ठेवलं होतं, आज परत काढलं. सायलसच्या हाताला आयोडीन लाव. तिचे दात वाईट आहेत.

आता नीट वाच. ती रडायला लागली की तिला धरू नकोस, बोलूही नकोस. तिच्या जवळ जमिनीवर बस आणि हातात काहीतरी काम घे. बटाटे सोल, नाहीतर विणकाम कर. तिच्याकडं बघायचं नाही. बघितलंस की परत पहिल्यापासून सुरू करते. जरा वेळानं ती सरकत सरकत येईल आणि आपली पाठ तुझ्या पाठीला लावेल. तेव्हाही वळू नकोस. मग तिला उचकी लागते. घाबरायचं नाही, पाणी द्यायचं नाही. उचकी लागली की हात मागं ने आणि तिच्या डाव्या कानामागं बोट फिरव. उजव्या नाही, उजवा तिला चालत नाही. वरून खाली, हळू. जन्मल्यापासून तिला तेच लागतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, विल्फलाही नाही.

मग ती तशीच कलंडेल आणि तुझ्या मांडीवर झोपेल. पायाला मुंग्या येतील. अंगभर येतील. उठू नकोस.

नेल